धारेवरची दुपार

डोंगराच्या धारेवरून चालताना आसपासचं सगळं दिसतं, दिसत नाही ती फक्त धार. पायाखाली चार-सहा हात रुंदीची वाट, दोन्ही अंगांना उतार आणि समोर पुढचा एखादा उंचवटा. ती कुठे वळते, कुठे बसते, कुठे अचानक उभी राहते, हे कळायला तिच्यावरून उतरून लांब जावं लागतं. राजगड ते तोरणा या वाटेचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. नीट पाहिलं तर त्यातले बहुतेक वाटेचे नसतातच. ते राजगडाचे असतात किंवा तोरण्याचे. मधल्या सहा-सात तासांत माणसं कुठून गेली, हे त्या फोटोंत सापडत नाही.

मला ते मधलं हवं होतं.

नकाशावर ही जागा फार सुंदर दिसते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे ज्या सोंडा सुटतात, त्यातल्या एका सोंडेवर हे दोन किल्ले आहेत. दोन्हींची उंची चौदाशे मीटरच्या आसपास. उत्तरेला कानंदी आणि गुंजवणीची खोरी, दक्षिणेला वेळवंडीचं. वेळवंडीवर भाटघरचं धरण आहे आणि त्याचं पाणी डोंगराच्या पायाशी असलेल्या घळींत बोटं खुपसून बसलेलं असतं. दोन किल्ल्यांच्या मधून एक डांबरी रस्ता खिंड ओलांडतो, वेल्ह्याच्या बाजूने भोरच्या बाजूला भुतोंड्याकडे. गंमत म्हणजे या धारेचं एक टोक आता जागतिक वारसा आहे आणि दुसरं नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या नावाखाली जे बारा किल्ले यादीत घेतले, त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. तोरण्यावर डागडुजी करताना सापडलेल्या धनातून राजगड बांधला, अशी आपली परंपरा सांगते. त्या हिशेबाने थोरल्याला वगळून धाकट्याचा सत्कार झाला. तोरण्याला त्याने काही फरक पडलेला दिसला नाही.

फोटो काढणाऱ्याला या वाटेवर पहिला प्रश्न पडतो तो दिशेचा. राजगडावरून तोरण्याकडे जायचं की उलट? बहुतेक सगळे राजगडावरून निघतात आणि त्याची कारणं पायांची आहेत. तोरण्यावरून वेल्ह्यात उतरलं की एसटी मिळते, वडापाव मिळतो, घरी जाता येतं. माझी कारणं उजेडाची होती. नकाशावर राजगडाच्या बालेकिल्ल्यापासून तोरण्याच्या माथ्यापर्यंत पट्टी ठेवली, तर ती रेघ साधारण आग्नेय-पूर्वेकडून वायव्य-पश्चिमेकडे जाते. डिसेंबरच्या अखेरीला आपल्याकडे सूर्य पूर्वेला उगवत नाही, पूर्वेच्या बराच दक्षिणेला, जवळजवळ पंचवीस अंश सरकून उगवतो. म्हणजे ज्या दिशेने ही धार धावते, जवळपास त्याच रेषेवर सूर्य वर येतो. राजगडावर सूर्योदयाला उभं राहिलं की सूर्य पाठीशी आणि तोरणा समोर.

हे मी कागदावर करत बसले होते, तेव्हा आमच्या ग्रुपच्या लीडरने कागद ओढून घेतला. ते शाळेत गणित शिकवतात आणि आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, कोन बरोबर आहेत. पण तुम्ही दर कोनाला थांबणार असाल तर आपण तोरण्यावर परवा पोचू."

डोंगरात फोटो काढणारा माणूस हा ग्रुपचा शत्रू असतो, हे मान्य केलेलं बरं. बाकीचे लयीत चालत असतात, घाम सुकू न देता. हा मध्येच थांबतो, पाठपिशवी उतरवतो, लेन्स बदलतो, गुडघ्यावर बसतो, "एकच मिनिट" म्हणतो. ते मिनिट कधी एका मिनिटाचं नसतं. मागचे थांबतात, त्यांचे पाय गार पडतात, पुढचे दिसेनासे होतात. त्यात ट्रायपॉड असेल तर विचारूच नका. म्हणून सरांशी आधीच तह केला होता. उजाडेपर्यंत आणि तोरण्यावर पोचल्यानंतर माझी मनमानी, मधल्या धारेवर मात्र सगळ्यांच्या चालीने चालायचं. मीही लगेच हो म्हटलं होतं, कारण मधल्या वेळात दुपार असणार होती, आणि दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवायचा असतो, हे फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात.

पालीच्या बाजूने अंधारात चढलो. या वाटेला पायऱ्या आहेत, जुना राजमार्ग तो. डोक्याला टॉर्च, पुढच्याच्या बुटांच्या टाचा आणि आपला श्वास, एवढंच जग. पाली दरवाजातून आत शिरलो तेव्हा तारे अजून होते, पण पूर्वेला आभाळ पातळ व्हायला लागलं होतं. बालेकिल्ल्याची शेवटची चढण उभी आहे, कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि आधाराला रेलिंग. थंडीत ते लोखंड हाताला चावतं. वरच्या महादरवाजापाशी अफझलखानाचं शिर पुरलंय असं सांगतात, आणि दर वेळी कोणीतरी ते तिथेच सांगतो, अंधारात, मुद्दाम.

सूर्योदय व्हायचा तसा झाला. पुरंदर-वज्रगडाच्या बराच उजवीकडून लाल गोळा वर आला आणि सुवेळा माचीच्या बाजूला उभे असलेले सगळे एकदम "आहा" म्हणाले. मी पाठ करून उभी होते. माझा फोटो पश्चिमेला होता. आणि तिथे मला कागदावर न सुचलेली गोष्ट दिसली. राजगडाची सावली. सूर्य वर येताच अख्ख्या डोंगराची सावली पश्चिमेच्या धुरकट हवेवर पडली, निळसर, त्रिकोणी, आणि तिचं टोक तोरण्याच्या जवळजवळ अंगावर टेकलेलं. डिसेंबरात ती तिथेच पडणार, हे त्याच कोनांनी ठरवलेलं होतं. मला सुचलं नव्हतं इतकंच. तोरण्याचा माथा गुलाबी, खाली ही सावली, आणि पुढ्यात संजीवनी माचीची लांबलचक तटबंदी, अजून निम्मी अंधारात.

हा फोटो चांगला आला. तो चांगलाच येतो. बालेकिल्ल्यावरून संजीवनी आणि मागे तोरणा ही फ्रेम इतक्यांनी काढली आहे की तिथे उभं राहण्याची जागासुद्धा झिजून गुळगुळीत झाली असावी. मी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावला होता. त्याचं कारण सांगण्यासारखं आहे, कारण नवीन माणूस डोंगरात जाताना हमखास वाईड लेन्स घेऊन जातो. समोर एवढं मोठं दिसतंय तर लेन्सही मोठं दाखवणारी हवी, असं वाटणं साहजिक. पण वाईड लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं ढकलून देते. डोळ्यांपुढे छाती दडपवणारा तोरणा फोटोत मुंगीएवढा होतो, आणि निम्मी फ्रेम पायाजवळच्या दगडांनी भरते. लांब पल्ल्याची लेन्स उलट करते. मधली अंतरं दाबून टाकते, डोंगरामागचा डोंगर पुढच्याच्या खांद्याला खांदा लावून उभा करते. एकामागे एक फिकट होत गेलेल्या रांगांचे जे फोटो आपल्याला आवडतात, ते जवळपास सगळे असे काढलेले असतात.

त्या फिकट होण्यालाही कारण आहे. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये हवा असते आणि हवा सूर्याच्या प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरते. डोंगर जितका लांब तितकी मधली हवा जास्त, तितका तो निळा आणि पुसट. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा धुतलेली असते तेव्हा रांगा कमी दिसतात, म्हणजे असतात तेवढ्याच पण सगळ्या सारख्याच ठळक. डिसेंबरात थंड हवा खोऱ्यात बसून राहते, धूळ आणि चुलींचा धूर तिच्यात अडकतो, आणि मग त्या सुंदर निळ्या पायऱ्या तयार होतात. लोक त्याला धुकं म्हणतात. पुष्कळदा तो धूर असतो. फोटोखाली तसं कोणी लिहीत नाही.

बालेकिल्ल्यावर अर्धा तास एक खेळ चालला, तो सगळ्याच ग्रुपमध्ये चालतो. ते काय, हे काय. सिंहगड सोपा, त्याच्यावर टॉवर आहे. दक्षिणेला रायरेश्वराचं पठार आणि शेजारी केंजळगड. पश्चिमेला लिंगाण्याचा सुळका दिसला की रायगड शोधायचा. रोहिड्यावरून दोघांचं भांडण झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मला या खेळात रस असतो तो वेगळ्या कारणाने. ज्याला डोंगराचं नाव माहीत नाही, तो फोटोत त्याला कुठेही कापतो.

संजीवनी माचीवरून निघालो तेव्हा सरांचा तह लागू झाला.

या माचीबद्दल लिहायला बसलं तर लेख तिथेच संपेल. जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, तीन टप्प्यांत उतरत गेलेली, आणि जागोजागी दुहेरी तट. बाहेरची भिंत, आतली भिंत, मधून एक माणूस जाईल एवढी दगडी बोळ. किल्ला बांधणाऱ्याने इथे इतकं दगडकाम का ओतलं, हे माचीच्या टोकाला उभं राहिलं की समजतं. बाकी सगळीकडे कडे आहेत. इथे मात्र समोरून धार चालत येते, सपाट पायांनी. शत्रू यायचा तर असाच आला असता, ज्या वाटेने आम्ही निघालो होतो तिच्यावरून, उलट दिशेने. तोरण्याची बुधला माचीही याच धारेच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. दोन किल्ल्यांनी एकमेकांकडे तोंडं करून मधल्या वाटेवर नजर ठेवलेली आहे. १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून सुटून आले ते राजगडावर, आणि राजधानी रायगडाला जाईपर्यंत स्वराज्याचा बहुतेक कारभार इथूनच चालला. त्या काळात या धारेवरून किती माणसं येत-जात असतील. त्यांना ती निसर्गरम्य वाटली असेल का, शंकाच आहे.

अळू दरवाजातून बाहेर पडलं की घसारा लागतो. मुरमाड उतार, बोटाएवढे खडे, धरायला वाळलेलं गवत. इथे कॅमेरा गळ्यात ठेवणं म्हणजे दातांशी खेळ. सगळे बसत-घसरत खाली आलो, पुढे दाट रान, कारवीच्या काठ्यांमधून वाकून जायचं, अंगावर तिचा सुका पाला झडतो. मग झाडी विरळ होत गेली आणि खिंडीतला डांबरी रस्ता आला. एवढ्या पायपिटीनंतर एक मोटरसायकल समोरून निवांत निघून जाते, तेव्हा आपण कुठल्या पराक्रमात आहोत असा प्रश्न पडतो.

रस्ता ओलांडून वर चढलं की खरी धार सुरू होते. इथे झाडं नाहीतच म्हटलं तरी चालेल. गुडघाभर गवत, पिवळं पडलेलं, मध्ये वाट. सोनकीचे दिवस कधीच सरलेले, तिची वाळलेली बोंडं तेवढी उरलेली. डावीकडे खाली भाटघरचं पाणी, उजवीकडे वेल्ह्याचं खोरं आणि गुंजवणीच्या धरणाचा तुकडा. समोर एकामागून एक टेकाडं आणि सगळ्यांच्या शेवटी बुधल्याचा उभा दगड. पोचलो असं वाटतं आणि पुढे आणखी एक टेकाड निघतं. घड्याळात बाराला आले होते. कॅमेरा पिशवीत होता.

धारेच्या एका बसक्या जागी धनगराचं घर लागलं. बाहेर मडकं, स्टीलचे पेले, ताक आणि लिंबू सरबत. ट्रेकवाल्यांमुळे सुट्टीच्या दिवशी त्यांचीही थोडी विक्री होते. मामा खाटेवर बसले होते, मावशी ताक घुसळून उठल्या होत्या. आम्ही पेल्यामागून पेले रिचवले. सरांनी पैसे विचारले तर मामा म्हणाले, "प्या आधी, पैशाचं काय पळून जातंय."

म्हशी घराजवळ दिसत नव्हत्या, म्हणून मी विचारलं, "मामा, जनावरं कुठं गेली?"

"ती काय वेल्ह्याच्या अंगाला." त्यांनी मान उजवीकडे टाकली. "भोरच्या अंगाचं गवत दिवाळीलाच वाळून गेलं. हिकडं ऊन लागतंय दिवसभर. तिकडं सावली आसती, गवत आजून वलं हाय."

मावशी आतून म्हणाल्या, "फोटो काडायचा आसंल तर तिकडंच जा. हिकडं काय नुसता पिवळा उजाड."

त्या दोघांनी गवताबद्दल सांगितलं होतं. पण मी पेला हातात घेऊन उठले आणि घरामागच्या उंचवट्यावर गेले. तिथून धार पश्चिमेकडे पुढे जाताना दिसत होती, बुधल्यापर्यंत. आणि ती मधोमध चिरलेली होती. डावा अंग सोनेरी, उन्हात न्हालेला, गवताची काडी अन् काडी वेगळी. उजवा अंग निळसर हिरवा, सावलीत. दोहोंच्या मध्ये ऊन जिथे संपत होतं ती रेघ म्हणजेच धार. सकाळपासून जी दिसत नव्हती ती.

सर मागून आले होते. मी काही न बोलता बोट केलं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. राजगडाचं अक्षांश सव्वाअठरा. डिसेंबरात सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला. दोन्हींची बेरीज नव्वदातून वजा केली की उरतात जेमतेम अठ्ठेचाळीस. म्हणजे ऐन माध्यान्हीसुद्धा सूर्य डोक्यावर नाही, अर्ध्याच उंचीवर आहे, दक्षिणेला. माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते. आणि धार जात होती पूर्व-पश्चिम अंगाने, थोडी तिरकी. मग ऊन आडवं पडणार, एका अंगावर पडणार आणि दुसरा अंग झाकणार, हे ओघाने आलंच.

"आणि सकाळी?" मी विचारलं.

"सकाळी सूर्य धारेच्याच रेषेत. दोन्ही अंगांना सारखाच उजेड. मग काय फरक दिसणार?"

म्हणजे सूर्य नुकता उगवल्यावरची सोनेरी घटका ज्याला म्हणतात, ती या धारेसाठी सर्वांत वाईट वेळ होती. सकाळचा उजेड धारेच्या लांबीवरून वाहत जातो आणि दोन्ही उतार एकसारखे चाटतो. डोंगराला पाठीचा कणा आहे हे दाखवायला उजेड आडवा लागतो, आणि तो इथे मिळतो दुपारी बारा ते तीनच्या मध्ये. बाराही घड्याळातले नव्हेत. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्याचे बारा वाजायला इथे साडेबारा उलटून जातात. पुढे सूर्य नैऋत्येला कलतो तसा तो धारेशी आणखी काटकोनात येतो. दोन-अडीचच्या सुमारास ही रेघ सगळ्यात धारदार होत असणार.

दुपारी फोटो काढू नका, हा नियम चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. मेच्या मध्यावर इथे येऊन बघावं. तेव्हा पुण्याच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा झालेली. त्या उजेडात डोंगराला ना उतार राहतो ना घडी, सगळं पांढरं आणि सपाट. पण बारा महिने चोवीस तास लागू पडणारा नियम म्हणून तो पाठ केला, की माणूस डिसेंबरातही दुपारी कॅमेरा गुंडाळून ठेवतो. पूर्वी त्याला आणखी एक कारण होतं. स्लाईड फिल्मला ऊन आणि सावली दोन्ही एकाच चौकटीत सांभाळता येत नसे. सावली राखली तर ऊन जळून जायचं, ऊन राखलं तर सावलीचा डांबर व्हायचा. आताचे सेन्सर या बाबतीत पुष्कळ सोशिक आहेत. उजळ बाजू जळणार नाही एवढं बघून एक्स्पोजर ठेवायचं आणि रॉ फाईलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाईलमधून, सावली हलकेच वर काढायची, म्हणजे थोडी उजळ करायची. फार वर काढायची नाही. सावलीतला तो निळा रंग खरा असतो, तिथे सूर्याचा उजेड पोचत नाही, निळ्या आभाळाचा पोचतो. अनेकजण तो 'दुरुस्त' करून पिवळा करतात आणि मग दोन्ही अंग पुन्हा सारखे.

तह मोडला हे सांगायला नको. मोडला तो सरांनीच. पुढच्या प्रत्येक टेकाडावर तेच आधी थांबत आणि हात कपाळावर धरून पश्चिमेकडे बघत. एका ठिकाणी धार इतकी निमुळती होते की वाट तिच्या टोकावरून न जाता सावलीच्या अंगाने वळसा घेते. उन्हातून सावलीत पाऊल टाकलं की अंगाला गारवा जाणवतो, जमिनीचा रंग बदलतो, दगडावर शेवाळाचा वाळलेला थर दिसतो, गवत पायाला मऊ लागतं. दहा पावलांवर, पलीकडच्या अंगाला, तडकलेला मुरूम. एकाच डोंगराचे हे दोन स्वभाव चालताना पायांना कधीच कळत होते, सावलीच्या बाजूला घाम कमी येतो हे सगळ्यांना माहीत असतं. मी ते कधी फ्रेममध्ये शोधलं नव्हतं, एवढंच.

आमच्यातल्या एका तरुण मुलाने मध्येच म्हटलं, "ताई, याला ड्रोन पाहिजे. दोन मिनिटांत सगळी धार." त्याचं खरं होतं. संरक्षित स्मारकाच्या जवळ परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही हा भाग सोडा. समजा परवानगी मिळाली. वरून ही धार पूर्ण दिसेल, वळणावळणासकट, दोन्ही किल्ले दोन टोकांना. मी असे फोटो पाहिले आहेत आणि ते देखणे असतात. त्यांतून जागेची रचना समजते, जशी उत्तम नकाशातून समजते. पण वरून बघताना पुढचं टेकाड मागच्याला झाकत नाही. धारेवर चालणाऱ्याचं सगळं आयुष्य त्या झाकण्यातच जातं. एक उंचवटा संपेपर्यंत पुढे किती आहेत हे कळत नाही, आणि माझ्या फोटोत ते न कळणं असायला हवं होतं. म्हणून मी डोळ्यांच्या उंचीवर राहिले, मधल्या पल्ल्याची लेन्स लावली, ना फार रुंद ना फार लांब, आणि समोरची दोन टेकाडं पुरेशी मानली.

त्या मुलाला हे पटलं नाही. "पण ताई, दोन टेकाडं म्हणजे राजगड-तोरणा कसं कळणार?" असं तो म्हणत राहिला. बरोबरच होतं त्याचं. फोटोत ना राजगड होता ना तोरणा. बुधल्याचा एक तुकडा होता कोपऱ्यात, तोही नाव माहीत असणाऱ्यालाच ओळखू येईल असा.

शेवटच्या टप्प्यात धार कातळाला जाऊन धडकते. वर चढायला लोखंडी शिडी आहे, तिच्याखाली नेहमीप्रमाणे रांग. उलट दिशेने उतरणारा एक ग्रुप अडकला होता, एका मुलीचे पाय थरथरत होते आणि चारजण तिला चार वेगवेगळ्या सूचना देत होते. सरांनी त्या चौघांना गप्प केलं आणि स्वतः खाली उभं राहून तिचा एकेक पाय पायरीवर टेकवला. मग आम्ही चढलो. बुधला माची, कोकण दरवाजा, मेंगाईचं देऊळ. टाक्याचं पाणी गार होतं.

संध्याकाळी तोरण्याच्या पूर्वेकडच्या तटावरून मी मागे बघितलं. कराराप्रमाणे आता वेळ माझी होती. राजगड पिवळ्या उन्हात झगझगीत, बालेकिल्ला, तीनही माच्या, सगळं स्पष्ट. बाकीच्यांनी भरपूर फोटो काढले आणि ते सगळ्यांचे छान आले, मोबाईलमधूनसुद्धा. ही वेळ तशीच असते, तिथे चुकायला जागा नाही. मी मधल्या धारेकडे बघत होते. सूर्य नैऋत्येला खाली गेल्यामुळे वेल्ह्याचा अंग पूर्ण काळवंडला होता आणि तोरण्याची सावली वेल्ह्याच्या खोऱ्यावर सरकत चालली होती. टेकाडं मोजता येत होती. धनगराचं घर शोधलं, सापडलं नाही.

मला विचारलं, तर या वाटेवर फोटोसाठी जायचं असेल त्याने डिसेंबरची अखेर किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा धरावा. फेब्रुवारीत गवत कोरडंठाक होतं आणि वणवे लागायला सुरुवात होते. मग काही उतार काळे पडतात, आणि ऊन-सावलीचा खेळ त्या काळ्यात दिसत नाही. पाणी राजगडावरच भरून घ्यावं, धारेवर भरवशाचं काही नाही. आणि कड्यांवर आग्या मोहळं आहेत, त्यांच्याजवळ धूर, अत्तर, आरडाओरडा यातलं काही करू नये. सकाळी धारेवर घाईने पोचायची गरज नाही. घसाऱ्यावर सावकाश उतरा, ताक प्या, बारा वाजू द्या.

घरी आल्यावर दुपारचे फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले. त्यातला एक मी मोठा छापून घेतला आणि सरांना दिला. त्यांनी तो वर्गात लावला आहे, त्रिकोणमितीच्या तक्त्याशेजारी, आणि खाली पेन्सिलने कोन लिहिलेत. ग्रुपवर मात्र आजही सगळ्यात वर लावून ठेवलेला फोटो शिडीखालचा आहे. कोणीतरी अनोळखी माणसाने काढलेला, थोडा हललेला, सूर्य थेट लेन्समध्ये. त्यात आम्ही सगळे आहोत आणि सरांचे डोळे मिटलेले आहेत.